हॅम्बर्गच्या सेंट पाउलीचं सभासदत्व: मराठवाड्यातून घ्यावं का?

एफसी सेंट पाउली या जर्मन फुटबॉल क्लबचं वार्षिक सभासदत्व आपल्याकडे बसूनही घेता येतं. अर्ज ऑनलाइन, फी युरोत. परभणीच्या किंवा लातूरच्या पत्त्यावर हे घेतल्यावर हातात नेमकं काय पडतं, ते इथे तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो. तिकीट, जर्सी किंवा सवलत यांच्या नादात घेणार असाल तर पैसे वाया जातील. पण साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे, अहवालाची पानं उलटायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ कसं होतं हे ज्याला माहीत आहे आणि तरीही ज्याचा सहकारावरचा जीव उडालेला नाही, त्याला जर्मन फुटबॉलमध्ये याहून चांगला सौदा सापडणार नाही.

चषक मात्र विचारू नका. सेंट पाउलीने जर्मनीची लीग कधी जिंकली नाही, जर्मन कपही नाही. दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद दोनदा, १९७७ मध्ये उत्तर गटाचं आणि २०२४ मध्ये. बुंडेसलिगा म्हणजे जर्मनीची पहिली श्रेणी; तिच्या २०२४-२५ च्या हंगामात १४ वं स्थान, ३४ सामन्यांत फक्त २८ गोल. क्लब टिकला तो बचावावर. संभाजीनगरच्या आमखास मैदानावर पोरं ज्या क्लबांच्या जर्सी घालून खेळतात त्यांत सेंट पाउलीची तपकिरी-पांढरी जर्सी तुम्हाला बहुधा दिसणार नाही, आणि ते साहजिकच आहे.

मग विकलं काय जातंय? जर्मनीत १९९८ पर्यंत सगळे व्यावसायिक क्लब म्हणजे नोंदणीकृत संस्थाच होत्या. मालक नाही, फक्त सभासद. त्या वर्षी जर्मन महासंघाने व्यावसायिक संघ कंपनीत हलवायला परवानगी दिली, पण एक अट घातली: कंपनीतल्या निम्म्या मतांपेक्षा किमान एक मत जास्त मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे. यालाच ५०+१ म्हणतात. बायर्न म्युनिकने कंपनी केली. तिथे ७५ टक्के संस्थेकडे आणि उरलेला भाग आदिदास, ऑडी आणि आलियान्झ यांच्यात सारखा वाटलेला. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे मुळातच कारखान्यांचे क्लब म्हणून त्यांना सूट मिळाली. लाइपझिगने नियमाचं अक्षर पाळलं आणि मताचा हक्क असलेले सभासदच मोजके, दोन डझनांच्या आसपास ठेवले. पोटनियम वाकवण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असा कुणाचा समज असेल तर तो इथे दूर व्हावा.

सेंट पाउलीने कंपनी केलीच नाही. व्यावसायिक संघ आजही थेट संस्थेच्या पोटात आहे. स्टेडियम चालवणं, जाहिराती, दुकान यांच्यासाठी उपकंपन्या आहेत, पण खेळाडूंशी करार होतो तो संस्थेचा. म्हणजे सभासद आणि संघ यांच्यामध्ये होल्डिंग कंपनीची भिंत नाही. रचना अशी: सर्वसाधारण सभा सात जणांचं देखरेख मंडळ निवडते, ते मंडळ अध्यक्षाचं नाव सुचवतं आणि त्यावर मत पुन्हा सभाच देते. २०१४ पासून ओके ग्योटलिश अध्यक्ष आहेत. संस्थेत फुटबॉलबरोबर रग्बी, अंधांचा फुटबॉल, टेबल टेनिस, बुद्धिबळ, बोलिंग असे विभाग आहेत. न खेळणाऱ्या समर्थकांसाठी १९९९ मध्ये वेगळा विभाग निघाला, जर्मन आद्याक्षरांवरून त्याला एएफएम म्हणतात. मराठवाड्यातून अर्ज करणाऱ्याने हाच विभाग निवडावा. याचा पैसा मुख्यतः ज्युनियर संघांवर खर्च होतो, त्यामुळे तुमची फी एखाद्या स्ट्रायकरच्या पगारात विरघळत नाही. अर्जात विभाग निवडताना घाईत खेळाडू विभागावर टिचकी मारू नका. त्यात सराव, वयोगट, वेगळी वर्गणी असा सगळा पसारा मागे लागतो.

आता इतिहास, कारण या क्लबची किंमत ठरते ती त्याच्या पडझडीवरून. सेंट पाउली हा हॅम्बर्ग बंदराला लागून असलेला भाग. गोदी कामगार, खलाशी आणि रीपरबान हा रात्रभर जागा असणारा रस्ता. मूळ व्यायाम संस्था १८६२ ची. फुटबॉलचा जन्म १५ मे १९१० हा धरतात आणि १९२४ मध्ये क्लब स्वतंत्र झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नवं मैदान बांधलं, त्यात पाण्याचा निचराच ठेवला नव्हता. पाऊस पडला की चिखल. दुरुस्ती होऊन मैदान नीट वापरात यायला १९६३ उजाडलं. १९७७ मध्ये बुंडेसलिगात पहिली बढती मिळाली, वर्षभरात खाली घसरण झाली, आणि १९७९ मध्ये पैशांअभावी परवानाच काढून घेतला गेला. क्लब थेट तिसऱ्या पायरीवर.

ऐंशीच्या दशकात सामन्याला जेमतेम दीड-दोन हजार माणसं यायची. त्याच सुमारास बंदराकडच्या हाफेनश्ट्रासेवरच्या रिकाम्या घरांत विद्यार्थी, पंक, डावे कार्यकर्ते घुसून राहू लागले होते. ही मंडळी मैदानावर आली, कुणीतरी काठीला कवटीचा झेंडा बांधून आणला, आणि बघता बघता तो क्लबच्या चिन्हापेक्षा मोठा झाला. इतर मैदानांवर तेव्हा उजव्या टोळ्यांचा जोर होता. सेंट पाउलीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वंशवादी घोषणांवर स्टेडियमच्या नियमांतच बंदी घातली. जर्मनीत हे पहिल्यांदा होत होतं. नंतर प्रेक्षकांचा आकडा वीस हजारांवर गेला तो असा. खेळ सुधारला म्हणून तितका नाही.

मात्र या कवटीचे पैसे खाल्ले कुणी, ही गोष्ट प्रत्येक होऊ घातलेल्या सभासदाने वाचावी. क्लबने या चिन्हाचं व्यापारी मोल वेळेत ओळखलं नाही. २००३ मध्ये लागोपाठ दोन घसरणींनंतर क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला आणि परवाना टिकवायला सुमारे १९.५ लाख युरो कमी पडत होते. ‘तारणहार’ असं छापलेले टी-शर्ट काढले. काही आठवड्यांत एक लाखाहून जास्त खपले. बायर्न म्युनिक मदतीसाठी मैत्रीचा सामना खेळायला आलं, तेही दीडेक वर्षापूर्वी याच क्लबकडून २-१ ने हरलेलं असताना. ६ फेब्रुवारी २००२ च्या त्या पराभवानंतर सेंट पाउलीने ‘जगज्जेत्यांना हरवणारे’ असे शर्ट छापून विकले होते, कारण बायर्न तेव्हा इंटरकॉन्टिनेंटल कपचे विजेते होते. क्लब वाचला, पण तंगीच्या त्या काळात, २००४ मध्ये, माल विकण्याचे बहुतांश हक्क ३० वर्षांसाठी एका बाहेरच्या कंपनीला दिले गेले. पुढे कवटीचा माल जगभर खपला आणि त्यातला मोठा वाटा बाहेर जात राहिला. कोर्टकज्जे झाले. २०१५ मध्ये क्लबने हे हक्क परत विकत घेतले. आजारी कारखान्याची मळी आणि जागा भाड्याने देऊन टाकण्याचे ठराव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवं काही वाटणार नाही. फरक एवढाच की इथे वस्तू परत आली.

सभासदांच्या मताला धार आहे का, याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. १९७० पासून स्टेडियमला माजी अध्यक्ष विल्हेल्म कोख यांचं नाव होतं. ते नाझी पक्षाचे सदस्य होते हे पुढे आल्यावर १९९८ मध्ये सभासदांनी ते नाव काढलं आणि मिलर्नटोर हे जुनं नाव परत आणलं. २००७ मध्ये ठराव झाला की स्टेडियमचं नाव कोणत्याही कंपनीला विकायचं नाही. बुंडेसलिगातल्या बहुतेक मैदानांवर विमा कंपनी, बँक नाहीतर मोटार कंपनीची पाटी आहे. हा दरवर्षी मिळू शकणारा पैसा सभासदांनी समजून-उमजून सोडला, आणि मग तोटा भरायला दुसरी वाट शोधणं त्यांच्यावर आलं.

ती वाट म्हणजे २०२४ ची सहकारी संस्था, आणि आपल्या दृष्टीने या परीक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. कोविडनंतरचं कर्ज फेडायचं, सरावाची जागा वाढवायची, पण गुंतवणूकदार नको. मग क्लबने वेगळी सहकारी संस्था नोंदवली आणि स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीतला बहुमताचा हिस्सा तिला विकायचं ठरवलं. एक भाग ७५० युरोचा, वर १०० युरो प्रवेश खर्च, म्हणजे ८५० युरो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू झाली आणि २०२५ च्या वसंतात संपली तेव्हा २१ हजारांहून जास्त सभासद आणि २.९ कोटी युरोच्या आसपास रक्कम जमली होती. कायदा इथल्यासारखाच: भाग एक असो की वीस, मत एकच. यात योगायोग नाही. रायफायझन यांच्या जर्मन पतसंस्थांचा नमुना अभ्यासून फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारला अहवाल दिला, त्यातून १९०४ चा हिंदुस्थानातला पतसंस्था कायदा आला. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा त्याच वंशातला.

दोन गोष्टींत लोक गल्लत करतात, म्हणून स्पष्ट करतो. क्लबचं सभासदत्व आणि सहकारी संस्थेचं सभासदत्व वेगवेगळं आहे. पहिल्यात वर्षाला फी, मालमत्ता शून्य, मत क्लबच्या कारभारावर. दुसऱ्यात एकदाच रक्कम, तिचा हिस्सा तुमच्या नावावर, मत त्या संस्थेच्या कारभारावर. मैदानावर कोण खेळेल किंवा अध्यक्ष कोण होईल यावर नाही. भाग शेअर बाजारात विकता येत नाही. संस्थेतून बाहेर पडलात तर ताळेबंदानुसार तुमची शिल्लक परत मिळते, म्हणजे तोटा झाला असेल तर कमीही मिळू शकते. लाभांशाच्या आशेने यात पडणं चुकीचं. पहिली विक्री बंद झालेली आहे. पुन्हा उघडल्याची बातमी आली तर आधी क्लबच्या स्वतःच्या पानावर खात्री करा, तिसऱ्याच कुणाच्या लिंकवर ८५० युरो भरू नका.

आता मत देण्याचा प्रश्न, कारण दूरच्या सभासदाची अडचण इथेच आहे. जर्मन नागरी कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार संस्थेचं सभासदत्व दुसऱ्याला देता येत नाही, वारसाला जात नाही आणि सभासदाचे हक्कही दुसऱ्यामार्फत बजावता येत नाहीत, पोटनियमांत वेगळी तरतूद असल्याशिवाय. म्हणजे हॅम्बर्गमध्ये शिकणाऱ्या भाच्याला ‘माझं पण मत टाक’ असं सांगून भागणार नाही. सहकारी संस्थेत मात्र कायदा प्रतिनिधी चालवून घेतो, पण एका प्रतिनिधीला दोनपेक्षा जास्त सभासदांचं काम घेता येत नाही. कुणी गठ्ठ्याने मतं गोळा करू नयेत म्हणूनच ही अट आहे, आणि ती आपल्याकडच्या काही निवडणुकांत असती तर बरं झालं असतं. सभा जर्मनमध्ये चालते. वेबसाइट इंग्रजीतही आहे, पण ठरावांचा खल समजायचा तर भाषा लागतेच.

पैसे भरण्यात जे अडतं ते असं. जर्मन संस्था वर्गणी बहुधा युरोपीय बँक खात्यातून थेट वळती करून घेतात. फॉर्ममध्ये आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक मागतात, तो भारतीय खात्याला नसतो. खाते क्रमांक आणि आयएफएससी जोडून काहीतरी टाकलंत तर फॉर्म परत येतो. कार्डाचा पर्याय दिसला नाही तर अर्ज भरण्याआधीच सभासद विभागाला ईमेल करून विचारा. कार्डाने भरताना बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करावा लागतो, तो मुळात बंद असतो. बँक युरोच्या दरावर साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप घेते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दुसऱ्या वर्षी आपोआप पैसे जातील यावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमांमुळे परदेशी व्यापाऱ्याचं आपोआप वळतं होणं बऱ्याचदा फसतं, मग थकबाकीचं पत्र येतं आणि ते स्पॅममध्ये पडून राहतं. वर्गणीचा महिना फोनच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.

पत्ता लिहिताना घर, गल्ली, गाव, पिनकोड आणि शेवटी देश. ‘मारुती मंदिरामागे’ हे जर्मन संगणकाच्या रकान्यात मावत नाही, पण पोस्टमनला तेच लागतं, म्हणून पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत मोबाइल क्रमांकासह ते टाका. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पुढे तिकीट घेताना हेच नाव जुळवतात.

तिकिटाबद्दल भ्रम नको. मिलर्नटोरची क्षमता २९,५४६, त्यातली निम्म्याहून जास्त जागा उभ्याने पाहण्याची. घरचे सामने भरलेले असतात. सभासदाला विक्रीत आधी संधी मिळते, तिकिटाची हमी नाही, आणि सीझन तिकिटाची रांग लांब आहे. तरी जाणारच असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वेळापत्रकात आधी फक्त आठवड्याचा शेवट जाहीर होतो. सामना शुक्रवारी, शनिवारी की रविवारी, हे काही आठवडे आधी ठरतं. म्हणून विमान शुक्रवारच्या आधी पोचणारं आणि सोमवारी निघणारं घ्या. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. संभाजीनगर किंवा नांदेडहून अर्जासाठी पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. हॅम्बर्गमध्ये मेट्रोच्या यू-३ मार्गावर सेंट पाउली किंवा फेल्डश्ट्रासे या स्टेशनला उतरायचं. शेजारी दुसऱ्या महायुद्धातला अवाढव्य काँक्रीट बंकर दिसतो, चुकायला जागा नाही. दक्षिणेचा स्टँड अल्ट्रांचा, म्हणजे कट्टर समर्थकांच्या गटांचा आहे. तिथे झेंड्यांमुळे अर्धा खेळ दिसत नाही आणि मोबाइल समोर धरून उभं राहिलेलं कुणाला खपत नाही. खेळ पाहायचा असेल तर मुख्य स्टँडच्या समोरच्या लांब बाजूचा उभा स्टँड मागा.

घरून पाहणाऱ्यांसाठी: शनिवारचा दुपारचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी ७ ला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत रात्री ८ ला लागतो.

जर्सीबद्दल थोडक्यात. २०२१ ते २०२४ क्लबने स्वतःचाच ब्रँड काढून जर्सी शिवून घेतल्या, नंतर प्यूमाकडे गेले. जर्मनीहून मागवलीत तर कुरियरवाला केवायसी मागतो, कस्टम ड्युटी लागते आणि पाठवणीचा खर्च वेगळा. सभासद सवलत या सगळ्यात कुठे गेली ते कळतही नाही. जर्मनीहून कुणी येत असेल तर त्याच्या बॅगेतून मागवा.

पर्यायांचं पाहू. बायर्नचं सभासदत्व घेणारे जगात सगळ्यात जास्त, पण तिथे तुम्ही लाखोंमधले एक आणि कंपनीच्या पलीकडे. डॉर्टमुंडचा शेअर बाजारात मिळतो. ऑक्टोबर २००० मध्ये ११ युरोला आला, आणि २००५ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या दारात पोचला तेव्हा गुंतवणूकदार पस्तावले. तो शेअर घेऊनही व्यवस्थापनावर ताबा मिळत नाही. तो मूळ संस्थेच्या कंपनीकडेच आहे. सेंट पाउलीच्या जवळ जाणारा एकच, युनियन बर्लिन. तिथे २००८-०९ मध्ये दोन हजारांहून जास्त समर्थकांनी श्रमदान करून स्टेडियम उभं केलं. चारित्र्य तोलामोलाचं, राजकारण कमी.

राजकारण हा सेंट पाउलीचा गुण की दोष हे ज्याचं त्याने ठरवावं. निर्वासित, वंशभेद, स्त्री-पुरुष समता यांवर क्लब उघड भूमिका घेतो. २०२४ च्या नोव्हेंबरात एक्स हे समाजमाध्यमही सोडलं. खेळात हे कशाला, असं वाटणाऱ्याला प्रत्येक ईमेलचा ताप होईल. एक काम मात्र लातूरकरांना जवळचं वाटेल: क्लबचा माजी खेळाडू बेनी आद्रिओन याने सुरू केलेली विवा कॉन आग्वा ही संस्था पिण्याच्या पाण्यासाठी निधी जमवते. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आलेल्या शहराला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांसाठी आमचा सल्ला वेगळा आहे. हॅम्बर्ग किंवा आसपास राहणार असाल तर तिथे जाऊन, जर्मन खातं उघडून मगच अर्ज करा. वर्गणी सरळ वळती होते, विद्यार्थी सवलत आहे का ते प्रवेशाचा दाखला दाखवून विचारता येतं, आणि सभेला पायी जाऊन हात वर करता येतो. इथून घेणाऱ्याने पहिल्या वर्षी एएफएम विभागाची साधी वर्गणी भरावी, सभेचा अहवाल भाषांतराच्या अ‍ॅपमधून वाचून पाहावा आणि पुढचं ठरवावं. नको वाटलं तर गप्प बसून चालत नाही. जर्मन संस्थांत सभासदत्व आपोआप पुढे चालू राहतं आणि राजीनामा मुदतीच्या आत लेखी द्यावा लागतो. ती मुदत पोटनियमात लिहिलेली असते, ती अर्ज करायच्या दिवशीच शोधून ठेवा.